बंद पेटीवरची पाहुणी

साखऱ्याच्या तांड्यावर पुस्तक आलं तेव्हा मोतीबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. नातीनं, सुनितानं, तिला हात धुवायला लावले आणि मगच ते मांडीवर दिलं. कोरियाच्या ओक-सुन नावाच्या चित्रकार बाईंचं चित्रांचं पुस्तक, आता मराठीत निघालेलं.

सुनिता गावोगावी लेकरांची वाचनालयं चालवणाऱ्या संस्थेत कामाला. तिनंच मागं ओक-सुनबाईंना तांड्यावर आणलं होतं. ओक-सुनबाई म्हणजे शिवण कारखान्यातल्या मजूर बाईची लेक. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढण्यात गेलं. आई वारल्यावर आईच्या अंगुस्तान्यावर, शिवताना बोटात घालायच्या टोपीवर, तिनं स्वतःचं पहिलं पुस्तक केलं. मग मीठ काढणाऱ्या, जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्या बायांची पुस्तकं करत ती देशोदेशी फिरली. नेम एकच: डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच काढायचं.

मोतीबाईकडं ती तिच्या भरतकामाचे टाके बघायला आली होती. पण आदल्या दिवशीच शाळेत मास्तर असलेला लेक गोपीचंद आईला म्हणाला, "याडी, ते फेटिया-कांचळी, घागरा-चोळी घालू नको. परदेशात फोटो जातेत. लोक काय म्हणतील?"

त्यानं गोरेगावच्या बाजारातून फिकट निळी साडी आणली. मोतीबाई ती नेसली आणि म्हणाली, "मास्तरा, मी तर पाटलीण दिसून राहिले." हसता हसताच तिनं आईच्या हातची कांचळी, आरशांची, पावल्यांची जुनी नाणी लावलेली, पेटीत घालून झाकण लावलं.

ओक-सुनबाई दुसरीकडं कुठं न बसता नेमकी त्याच पेटीवर बसली. दिवसभर मोतीबाईचे हात बघत राहिली. जाताना सुनिताकडून तिनं विचारून घेतलं, "तुमचा स्वतःचा पोशाख नाही का?"

"आमी आता असलं घालत न्हाई," मोतीबाई म्हणाली. गोपीचंद दारातच उभा होता.

आता पुस्तकाच्या पानावर ती बसली होती, निळ्या साडीत. हात हुबेहूब तिचेच, सुई धरायची तऱ्हाही तिचीच. शेजारी पेटी. गंज, कोपऱ्यातला पोचा, उडालेला रंग, सगळं काढलेलं. झाकण बंद.

"तिला म्हणावं, परत ये," मोतीबाई म्हणाली. "हे पान बदल म्हणावं. मी सगळं घालून बसते."

सुनितानं व्हिडिओ कॉल लावला. पलीकडं ओक-सुनबाई सुनेच्या खांद्याला टेकून बसली होती. सून तिचं बोलणं इंग्रजीत सांगायची आणि सुनिता मराठीत.

"आजी, त्यांचे डोळे गेलेत. हे शेवटचंच पुस्तक."

मोतीबाईनं चित्रातल्या पेटीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "सांग तिला. पेटीत कांचळी होती म्हणावं. मी खोटं बोलले."

निरोप पोचला. तिकडून हळू हसणं ऐकू आलं.

"त्या म्हणतात, मला ठाऊक होतं. मी बसले तेव्हा खाली नाणी वाजली."

"मग काहून विचारलं न्हाई तिनं?"

"विचारलं होतं म्हणतात. तुमी नाही म्हणालात. न पाहिलेलं कसं काढणार? म्हणून पेटी तेवढी नीट काढली."

मोतीबाई उठली. पेटी उघडून कांचळी काढली आणि फोनजवळ धरून हलवली. पावल्या खुळखुळल्या. ओक-सुनबाईनं मान आवाजाकडं वळवली, काहीतरी बोलली.

"पुन्हा एकदा म्हणतात."

मोतीबाईनं पुन्हा हलवली. मग हात दुखेपर्यंत हलवत राहिली.

फोन बंद झाला तेव्हा गोपीचंद दारात येऊन उभा होता. पुस्तकातलं ते पान त्यानंही पाहिलं होतं. तो म्हणाला, "याडी, घाल की आज. मी फोटो काढतो."

"फोटोला काय, तुझी साडी हाय की," ती म्हणाली.

कांचळीची घडी करताना एक आरसा निखळून तिच्या हातात आला. पुन्हा शिवायचा म्हणून पदराच्या टोकात तो बांधून तिनं कांचळी पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि पुन्हा शेंगा सोलायला बसली.