गुंतवळीची उशी

“हे केस तुमचे नाहीत, मास्तर.”

पालथ्या पडलेल्या मास्तरांनी मान वळवली. डॉक्टरांच्या हातातल्या बाटलीत लांब केसांचा ओला झुपका होता. मुळाशी पांढरे, टोकाला तांबूस. मास्तरांच्या डोक्यावर तर औषधालाही केस नव्हता.

मास्तर म्हणजे शिलाईवाले. उभं आयुष्य मशीनपुढे बसून काढलेलं. माकडहाडापाशी गळू झालं, फुटलं, कापलं, की काही महिन्यांनी पुन्हा तेच. आत उंदरांनी पोखरावं तशी बिळं झाली होती. शेवटी डॉक्टरांनी सगळं कोरून काढलं आणि शेजारची निरोगी कातडी चरबीसकट वळवून त्या खड्ड्यावर शिवली.

“म्हणजे ठिगळच की!” मास्तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हसले होते.

“ठिगळच. पण ती जागा सुन्न राहील. टोचलं तरी कळणार नाही.”

आता उशाशी उभ्या मुलाने विचारलं, “पण दुसऱ्याचे केस आत जातीलच कसे?”

“सुटा केस बसता-उठता कातडीत रुततो. एकदा शिरला की आतच सरकत जातो. कशावर बसता, मास्तर?”

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही ते केस ओळखू आले होते.

दुकानात मशीनपुढच्या स्टुलावरची उशी मुलाच्या आईची. विंचरून झालं की ती गुंतवळ फेकायची नाही, साठवायची. एक दिवस तिचीच उशी शिवून नवऱ्यापुढे टाकली. “घ्या. जन्मभर डोक्यावर बसलात, आता ऐसपैस बसा.” ती गेली, उशी राहिली. दुनियेचे कपडे रफू करणाऱ्या मास्तरांनी तिच्या विरलेल्या खोळीला मात्र कधी सुई लावली नाही. तिचे टाके होते ना!

“बाबा, घरी गेल्या गेल्या ती जाळून टाकतो.”

“अरे, आईची एवढीच तर खूण उरलीय.”

“आणि पुन्हा झालं तर? आता शेजारची कातडीपण उरली नाही तुमची.”

मास्तर म्हणाले, “तू हात लावू नकोस. मी उसवतो.”

घरी आल्यावर त्यांनी दुकानातून उशी मागवली आणि उभ्या उभ्याच एकेक टाका काढला. प्रत्येक टाक्याला जीव तुटत होता. खोळ उलटी केली, तर आत चिमूटभर गुंतवळ निघाली.

“एवढीच?” मुलगा चक्रावला. “गच्च भरलेली होती. बाकीची गेली कुठे?”

मास्तरांचा हात आपसूक पाठीमागे गेला. मग मुलाने ती चिमूट जाळली. खोलीभर वास भरून राहिला.

जखम भरली. पुन्हा केस रुतू नयेत म्हणून मुलगा दर आठवड्याला तिथे वस्तरा फिरवायचा. मास्तर संकोचले की म्हणायचा, “माझं धुताना तुम्ही कुठे लाजलात?”

“एकदम स्वच्छ आहे, बाबा,” मास्तर दुकान उघडायला निघाले त्या सकाळी तो म्हणाला. “एक केस नाही.”

दुकानात मास्तर नव्या, फोमच्या गादीवर बसले. आणि त्या सुन्न कातडीखाली, आतून, बारीकसं टोचलं. जेवायची वेळ टळली की बायको मागून बोट टोचायची, अगदी तसं. मास्तर झटकन उठले.

दारातल्या मुलाने विचारलं, “दुखतंय का?”

“छे रे. तू जा कामाला.”

तो दिसेनासा होईपर्यंत ते उभेच राहिले. मग कुणाला आपला भार होऊ नये अशा बेताने, हळूच खाली टेकले.