पाच हजार घोडेस्वार

चौकात पाऊल टाकलं आणि मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एवढासाच? अहो, याला चौक म्हणायचं की कुणाच्या घरापुढचं अंगण! मध्ये एक कारंजं, भोवती जुन्या दगडी कमानी, आणि संपलंच की.

एकतीस वर्षं त्यांनी इतिहासाच्या तासाला हा चौक शिकवला होता, दोन्ही हात फाकून, खडूचा धुरळा उडवत. 'मुलांनो, इथे एका वेळी पाच हजार घोडेस्वार उभे राहत!' खरं तर पाठ्यपुस्तकात नुसतं 'अनेक घोडेस्वार' होतं. पाच हजार हे मास्तरांचे स्वतःचे. पहिल्याच वर्षी मागच्या बाकांवरची पोरं पेंगायला लागली, तेव्हा यांनी दिला आकडा ठोकून. पोरं ताठ बसली. मग दरवर्षी तोच, आणि पुढे मास्तरांनी काढलेल्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात तो छापूनसुद्धा आला. एकदा स्वतः जाऊन चौक बघावा, हे मात्र काही सुचलं नाही. 'धन्य आहे मास्तर तुमची,' त्यांनी मनातल्या मनात स्वतःलाच कोपरापासून नमस्कार केला.

मुलगा गाडी लावायला जागा शोधत गेला होता. सोबत फक्त सून, आणि धास्ती होती ती तिचीच.

ही सून सातवीत त्यांच्याच वर्गात होती. परीक्षेत तिने लिहिलं होतं, 'या चौकात दोनशे घोडेसुद्धा मावणार नाहीत. माझ्या आत्याचं घर तिथेच आहे. मी पाहिलं आहे.' मास्तरांनी तो पेपर वर्गात मोठ्याने वाचून दाखवला, आवाज बारीक करून, 'माझ्या आत्याचं घर' यावर खास जोर देऊन. वर्ग खो खो हसला. पुढे चौदा वर्षांनी मुलाने लग्न ठरवलं, आणि दारात हीच उभी! "ओळखलंत का सर?" तिने विचारलं. "नाही बुवा," मास्तर म्हणाले. धडधडीत खोटं.

त्याला सहा वर्षं झाली. ती 'बाबा' म्हणायची, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायची, पण त्या पेपरचं नाव नाही. विसरली असेल, की लक्षात ठेवून गप्प असेल? या एका प्रश्नापायी मास्तर घरात तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत. आणि आज आत्याला भेटायला म्हणून आले, तर ही म्हणते, "चला बाबा, तुमचा चौक बघून येऊ."

मास्तरांनी उगीचच पावलं मोजली. चाळीस लांब, तीस रुंद. त्यातून कारंजं वजा. पोरीने दोनशे म्हटलं होतं तेही जरा उदार मनानेच.

तेवढ्यात दहाबारा प्रवाशांना घेऊन एक गाईड आला. कारंज्यापाशी थांबला, दोन्ही हात फाकले आणि गरजला, "इथे एका वेळी पाच हजार घोडेस्वार उभे राहत!"

प्रवासी आ वासून बघत राहिले. सून कारंज्यातल्या पाण्याकडे बघत होती. मास्तरांना वाटलं, निघावं गुपचूप. कोण विचारतंय! पण पाय हलेनात.

"खोटं आहे ते," ते म्हणाले.

"छापील पुस्तकात आहे, आजोबा. आम्ही शाळेत पाठ केलंय."

"ते पुस्तक माझंच आहे! आकडा मी मनाने ठोकलाय. मी हा चौक आज पहिल्यांदा बघतोय." मास्तरांनी सुनेकडे बोट केलं. "या माझ्या सुनेने सातवीतच लिहिलं होतं, दोनशेसुद्धा मावणार नाहीत. तिने डोळ्यांनी बघितलं होतं. आणि मी भर वर्गात तिचीच टर उडवली."

"मग काय आजोबा, घोड्यावर घोडा रचायचा होता का?" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. मास्तरही हसले. चला, सुटलो एकदाचे! त्यांनी मोठ्या आशेने सुनेकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

गाईडने घाईघाईने मंडळींना कमानीकडे हाकलं. मग ती बोलली.

"सर, वर्ग हसला त्याचं मला एवढं वाटलं नव्हतं. तुम्ही हसलात, त्याचं वाटलं. इतिहास फार आवडायचा मला. त्या वर्षापासून नादच सोडला."

फार वाईट वाटलं मास्तरांना, आणि आपण आत्ता सुटलो म्हणून खूश झालो होतो याची तर लाजच वाटली.

"मी तुला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," ते कसेबसे म्हणाले.

"माहीत आहे. कान लालबुंद झाले होते तुमचे."

"चुकलं माझं. फार चुकलं." ते कारंज्याच्या कठड्यावर बसले. "तुला माहीत असलेला चौक सांगतेस मला?"

ती शेजारी बसली आणि सांगायला लागली, आधी चाचरत, मग हात नाचवत: आत्याच्या खिडकीतून काय दिसायचं, कमानीच्या दगडाला दोरांनी खाचा कशा पडल्या, पाणी आधी कुठून यायचं. दोनदा मास्तरांच्या अगदी ओठांवर दुरुस्ती आली. दोन्ही वेळा त्यांनी ती गिळली.