मी आजवर कोणाला चावलेले नाही

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. एवढे एक वाक्य वाचूनच तुमच्यापैकी निम्मे जण पान उलटतील, हे मला ठाऊक आहे. उलटा खुशाल. पण जाण्याआधी एक ऐकून जा. मी आजवर कोणाला चावलेले नाही. चावलात ते तुम्हीच. माझ्या उजव्या हातावर एका धिप्पाड गृहस्थाच्या दातांचे सात ठसे आहेत. सुई दिसताच त्याने मान वळवली आणि जे समोर आले त्यात दात रोवले. तो माणूस एका मोठ्या गोदामाचा रखवालदार होता म्हणे!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अंग लोखंडाचे, वर हिरवे रेक्झिन आणि पायाशी एक दांडा. दांडा पायाने दाबत राहिले की मी वर वर चढते आणि तळापर्यंत दाबून धरला की सुस्कारा टाकत खाली येते. माझ्याबरोबर तयार झालेल्या दोन बहिणी केस कापण्याच्या दुकानात गेल्या. तिथे लोक शीळ घालत येतात, जगाच्या गप्पा मारतात, चक्क डुलक्या काढतात आणि उठताना आरशात बघून खूश होतात. मी आले इथे. इथे माझ्याकडे बघून आजवर कोणी खूश झालेले नाही.

तऱ्हा तरी किती सांगू! दारापर्यंत ठणकणारी दाढ मला पाहताच बरी होते. "आता काही दुखत नाही बुवा, उगाच आलो," असे म्हणत माणूस उलट्या पावली निघतो आणि चार दिवसांनी गाल धरून परत येतो. एका बाईंना माझ्यावर टेकताच गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली. एका शिक्षकांची तर दातखीळच बसली. वर्गात दिवसभर उघडे असणारे तोंड, पण इथे उघडता उघडेना. घामाने माझी पाठ भिजते, नखांनी माझे हात सोलवटतात, आणि घरी गेल्यावर खापर कोणावर? "ती खुर्ची पाहिली की पोटात गोळा येतो." अहो, गोळ्या चघळून चघळून दात किडवले तुम्ही, घासायचा कंटाळा केला तुम्ही, आणि नाव माझे! मी काय केले? बसायला जागा दिली.

पण हे सगळे मी सोसले असते. माझे डोके खरे फिरते ते एका वाक्याने. मुलांना घेऊन येणारी मोठी माणसे दारातच ते म्हणतात. "काही करणार नाहीत रे, नुसतं बघणार आहेत." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की माझे स्क्रू ढिले व्हायची वेळ आली. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या खोटेपणात मीही सामील होते.

तेव्हा इथे थोरले डॉक्टर होते. हात अतिशय सफाईचा, पण धीर म्हणून नाही. मुलांना आधी काही कळूच द्यायचे नाही, हा त्यांचा खाक्या. चिमटा पाठीमागे लपवायचा, "आ कर, नुसतं बघतो," म्हणायचे आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दात बाहेर. एके दिवशी एक गृहस्थ आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले. दोन घट्ट वेण्या, पायात नवे मोजे. "नुसतं बघणार आहेत गं," वडील म्हणाले. तिने शहाण्या मुलीसारखे तोंड उघडले. डॉक्टरांनी मला मागे कलती केली. तेवढ्यात तिला चिमटा दिसला.

ती ओरडली नाही. वर्गात काही विचारायचे असले की करतात तसा तिने डावा हात वर केला. वडिलांनी तो मनगटाशी धरला आणि माझ्या हातावर दाबून ठेवला. दात निघाला. "झालं की! दुखलं तरी का?" असे दोघेही हसत म्हणाले. हात कशासाठी वर केला होता, ते तिला कोणी विचारले नाही. तिच्या नखाने माझे रेक्झिन अर्धे बोट फाटले होते. मला माझ्या फाटण्याचे काही वाटले नाही. तिला मागे कलती करणारी मीच होते, याचे मात्र फार वाईट वाटले. फाटल्या जागी पुढे एक ठिगळ चिकटवले गेले, आणि ते आजतागायत माझ्या डाव्या हातावर आहे.

वर्षे गेली. थोरले डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी काम बघू लागली. धाकट्या डॉक्टरांनी दिवा बदलला, यंत्रे बदलली, भिंतींचा रंग बदलला. मला मात्र ठेवले, कारण माझा दांडा कधी अडकत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. माझ्यावर आडवे झालेल्या माणसाला समोर छतच दिसते, म्हणून छतावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद चिकटवला. 'डावा हात वर केलात की मी थांबते. दर वेळी.' मी मनात म्हटले, आता ह्या लोकांचे आणखी लाड! आधीच कामाचा खोळंबा करण्यात पटाईत, त्यात ही सवलत.

मग त्या दुपारी एक बाई आपल्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. बाईंच्या बाहीवर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिलेली आणि उजव्या गालाला रुमाल लावलेला. लेक आत आली, पण आई उंबऱ्यातच थबकली.

"बस गं. काही करणार नाहीत," बाई तिथूनच म्हणाल्या. "नुसते दात मोजणार आहेत, किती आहेत ते."

झाले! पुन्हा तेच. फक्त बघण्याच्या जागी मोजणे आले होते. पण ही मुलगी वेगळी निघाली.

"मी घरीच मोजून आणलेत," ती म्हणाली. "चोवीस. आता जाऊ या?"

धाकट्या डॉक्टर हसल्या. त्यांनी तिला माझ्यावर बसवले, छोटा आरसा घालून दात पाहिले आणि सरळ तिलाच सांगितले, "चोवीस बरोबर आहेत. पण खालच्या ह्या दाढेत खड्डा पडलाय. ही दुधाची नाही, कायमची दाढ आहे. आत्ता भरली तर वाचेल. राहू दिली तर काढावी लागेल, आणि तिच्या जागी दुसरी येणार नाही."

"भरताना दुखतं?"

"छे छे, अजिबात नाही," आई घाईघाईने म्हणाली.

"थोडं दुखतं," डॉक्टर म्हणाल्या. "आधी सुई टोचते. मग गाल जड होतो आणि मशीनचा आवाज फार कर्कश येतो. पण नंतर दुखत नाही."

मुलगी माझ्यावरून घसरून खाली उतरली. "आई, तू नुसतं मोजणार म्हणालीस."

"अगं, तू घाबरू नयेस म्हणून…"

"मग आता मी तोंडच उघडणार नाही." आणि तिने ओठ असे मिटले की पट्टी घालूनही उघडले नसते. आईने गोंजारले, विनवले, नवी पेन्सिलपेटी कबूल केली. शेवटी आईचा तोल सुटला.

"बसतेस की धरून बसवू?" तिने लेकीला उचलून माझ्यावर ठेवले. मुलीचा डावा हात वर आला. आईने तो मनगटाशी धरला आणि माझ्या हातावर दाबला. नेमका त्या ठिगळावर.

मित्रांनो, चेहरे मी विसरते, पण बोटे विसरत नाही. आईच्या बोटांना ठिगळाची कड लागली आणि एक बोट कडेखालची जुनी फाट चाचपू लागले. मी तिला ओळखले. तिनेही मला ओळखले. तिने झटकन हात सोडला आणि दोन पावले मागे सरली.

"ही… तीच खुर्ची?" तिने विचारले.

"तीच. माझ्या वडिलांची," डॉक्टर म्हणाल्या.

"मला इथंच बसवलं होतं. मी हात वर केला होता, पण बाबांनी…"

डॉक्टर म्हणाल्या, "माझाही पहिला दात ह्याच खुर्चीत निघाला. माझ्या वडिलांनीच काढला. नुसतं बघतो म्हणून. वर तो कागद मी उगाच लावलेला नाही."

मुलगी मान वर करून छतावरचा कागद वाचत होती. "दर वेळी म्हणजे खरंच दर वेळी?"

"खरंच."

"मग आधी आईला बसवा. तिचा गाल सुजलाय. स्वयंपाकघरात गार पेला लावून उभी असते आणि मला म्हणते, काही नाही, उकडतंय."

बाईंनी सबबींचे गाठोडेच सोडले. शिलाईची कामे पडली आहेत, आज नको, आधी हिचे बघा, माझे काय एवढे! पण लेक ऐकेना. आई बसली नाही तर तीही बसणार नव्हती, आणि तिच्या दाढेला दुसरी संधी नव्हती. शेवटी बाई जीव मुठीत धरून माझ्यावर टेकल्या.

"खुर्ची वर मी करणार," मुलीने जाहीर केले आणि दांड्यावर उडी मारली. तिला वाटले, जितके दाबावे तितके चांगले. मी चढले, चढले, बाईंचे पाय अधांतरी लोंबू लागले, डॉक्टरांच्या खांद्याच्या वर बाईंचे तोंड गेले, तरी कार्टी थांबेना. ह्या वयात माझ्या सांध्यांचा कोणी विचारच करायचा नाही का? शेवटी डॉक्टरांनी तिला उचलून बाजूला केले.

"शिवणकाम करता ना?" आत बघताच डॉक्टरांनी विचारले. "दाताने दोरा तोडून तोडून पुढच्या दाताला खाच पडलीय. घरात कात्री नाही?"

"चार आहेत," मुलीने परस्पर उत्तर दिले.

मग डॉक्टरांचा आवाज गंभीर झाला. उजव्या दाढेच्या मुळाशी पू साठला होता. दाढ उघडून त्याला वाट करून देणे भाग होते. "आता टोचेल. पाच मोजेपर्यंत," त्या म्हणाल्या. मुलगी मोठ्याने मोजू लागली. बाईंची नखे ठिगळात रुतली. पाच म्हणताच सुई बाहेर आली.

थोड्या वेळाने मशीन सुरू झाले आणि बाईंचा डावा हात ताडकन वर. मशीन बंद. "दुखतंय?" बाईंनी मान हलवली. नाही. पुन्हा मशीन सुरू. पुन्हा हात वर. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तेच. मी वैतागले. दुखत नाही, खुपत नाही, मग ही काय कसरत चालली आहे? अशाने संध्याकाळ होईल! चौथ्यांदा हात वर झाला. डॉक्टर चौथ्यांदा थांबल्या, पहिल्या वेळेइतक्याच शांतपणे, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. तेव्हा माझ्या उशीवर काहीतरी ओले लागले. बाई रडत होत्या. दुखत नव्हतेच त्यांना. आपण हात वर केला तर समोरचे माणूस थांबते की नाही, एवढेच त्या बघत होत्या. इतकी वर्षे ते कळायचे राहून गेले होते.

मित्रांनो, मला स्वतःचा राग आला. एवढी माणसे माझ्यावर बसून गेली, मला ओरबाडून गेली, आणि मी सगळ्यांना सरसकट भित्रे ठरवून मोकळी झाले. ह्यांतल्या किती जणांचा हात कधीकाळी कोणीतरी दाबून धरला असेल, हा विचार मी केला नव्हता.

पाचव्यांदा हात वर आला नाही. ठिगळातली नखे सैल झाली. काम संपल्यावर बाई उठल्या आणि बधिर, वाकड्या तोंडाने लेकीला म्हणाल्या, "टोचलं. आवाज फार घाणेरडा आहे. पण त्या थांबतात. आणि मी तुला खोटं सांगितलं, ती माझी चूक."

मुलीने थोडा विचार केला आणि ती माझ्यावर चढली. तिलाही सुई टोचली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. मशीन सुरू होऊन दोन मिनिटे झाली असतील, तिचा डावा हात वर गेला. आईने तो धरला नाही. डॉक्टर लगेच थांबल्या. "काय झालं गं? दुखलं?"

"नाही," मुलगी म्हणाली. "नुसतं बघत होते."

तिची दाढ वाचली. आईच्या दाढेला अजून दोन खेपा लागल्या. शेवटच्या खेपेला आईने पिशवीतून जाड निळ्या कापडाची खोळ काढली. मापे न घेता शिवली होती, तरी माझ्या डाव्या हातावर अगदी नीट बसली. ठिगळ झाकले गेले. जागेवरच कड शिवून तिने गाठ मारली आणि सवयीने दोरा दातांकडे नेला.

"कात्री!" डॉक्टर आणि मुलगी एकदम ओरडल्या. मला आवाज असता तर मीही ओरडले असते. डोक्याला हात लावावा तरी माझे हात खिळलेले!

तर मित्रांनो, माझे मागणे फार नाही. दात घासा, दोरे कात्रीने तोडा आणि दुखायला लागल्यावर पंधरा दिवस रुमाल लावून हिंडू नका. धाकट्या भावंडाला इथे आणाल तेव्हा नुसतं बघणार आहेत असे सांगू नका. दुखणार असेल तर दुखेल म्हणा. त्याने हात वर केला, तर तो खाली दाबू नका. आणि माझी खोळ नवी आहे. येताना नखे कापून या.