निळं वर्तुळ

“मंजू, फिर से खाली गई तेरी,” स्पीकरमधून परीक्षितचा आवाज आला. “किसी ने बोला था छोड़ने को?”

“सॉरी. गलती से दब गया,” मंजूषा म्हणाली आणि डावा हात मांडीखाली दाबून बसली.

बाजूच्या टेबलावर मेथी निवडत बसलेल्या गोपीनाथरावांनी तो हात पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. मुलीच्या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पाच जण इकडचे, पाच तिकडचे, सगळे आपापल्या घरी बसून एकाच मैदानात भांडतात, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. मंजूषा आठवडाभर एका शाळेच्या कचेरीत दाखले टाइप करायची आणि सुटीच्या दिवशी आनंद नगरच्या या खोलीत बसून लढायची. परीक्षित तिच्या संघाचा कप्तान, राहायला इंदूरला. पुढच्या रविवारी निवडीचे दोन सामने होते.

तिच्याकडे एक मोठी शक्ती होती. समोरच्या पाचही जणांना ती जागच्या जागी गोठवायची, पण एकदा वापरली की दोन मिनिटं पुन्हा मिळायची नाही. भलत्या वेळी सुटली तर संघ उघडा पडायचा. गेले काही दिवस ती भलत्याच वेळी सुटत होती.

“आपोआप कशी सुटते गं?” खेळ संपल्यावर त्यांनी विचारलं.

“आपोआप नाही, बाबा. कीबोर्डवरचं आर दाबलं की सुटते. क्विक म्हणतात याला. सगळे हेच ठेवतात.”

“आणि हे खालचं काय?” पडद्यावरच्या सेटिंगच्या यादीकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं.

“त्यात आर दाबलं की आधी जमिनीवर निळं वर्तुळ दिसतं. मग माउसनं क्लिक केलं तरच सुटते. नवशिक्यांसाठी असतं ते.”

गोपीनाथरावांना ते खालचंच पटलं. पिपलानीच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पत्रा कापायची प्रेस चालवली होती. प्रेसला दोन बटणं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली यायची. एका बोटाच्या भरवशावर प्रेस सोडायची नाही, हे त्यांनी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं.

“आमच्याकडे तुझं ते क्विक असतं ना, तर अर्ध्या पिपलानीला बोटं उरली नसती,” ते म्हणाले. “खालचं लाव.”

मंजूषा त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिनं खालचं लावलं.

या आग्रहाचं खरं कारण प्रेस नव्हतं. रत्नप्रभाचं, त्यांच्या बायकोचं दुखणं एका बोटापासून सुरू झालं होतं. कणिक मळताना ते बोट मध्येच उडायचं आणि तिघंही हसायची. मग हातातून कप सुटू लागले, मग चाल गेली, मग बोलणं. नऊ वर्षांनी ती गेली. मुलांमध्ये हे येतं किंवा येत नाही, निम्मी शक्यता, असं डॉक्टरांनी बाप-लेकीला बसवून सांगितलं होतं. रक्ताची तपासणी असते, असंही सांगितलं. मंजूषा नको म्हणाली. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. पण मुलीच्या हातून काही पडलं की गोपीनाथराव आधी तिच्या बोटांकडे बघायचे.

रविवारी दुपारी सामना सुरू झाला. नवी सेटिंग ऐकून परीक्षित वैतागला.

“कन्फर्म पे? इतने में तो हम सब मर लेंगे, मंजू.”

“मेरा हाथ, मेरी सेटिंग,” ती म्हणाली.

गोपीनाथराव तिच्या मागे खुर्ची टाकून बसले. पहिल्यांदा निळं वर्तुळ उमटलं, तिनं क्लिक केलं, समोरचे पाचही गोठले. त्यांना बरं वाटलं. मग ती झाडीतून एकटीच चालली होती, आसपास कुणी नव्हतं, आणि वर्तुळ पुन्हा उमटलं. तिनं ते लगेच पुसून टाकलं. थोड्या वेळानं पुन्हा. परीक्षितशी बोलतानाही एकदा. प्रत्येक वेळी कळीवरचं तिचं बोट किंचित उडत होतं, कुणीतरी दोरा ओढावा तसं. अशी अकरा वर्तुळं मोजून झाल्यावर त्यांचं लक्ष खेळावर राहिलं नाही. क्विकमध्ये हीच गोष्ट चूक म्हणून खपत होती, घाई म्हणून खपत होती. त्यांच्याच सल्ल्यानं ती आता पडद्यावर निळ्या रंगात दिसत होती.

सामना त्यांनी जिंकला.

“आज एक भी फालतू नहीं गई,” परीक्षित खुशीत होता. “सेटिंग का कमाल है. पंद्रह मिनट में दूसरा है, सब यहीं रहना.”

मंजूषा चहा टाकायला उठली. पडद्यावर सरावाचं मोकळं मैदान होतं. गोपीनाथरावांनी आरची कळ उचकटली, आत फुंकर मारली, रुमालाच्या टोकानं पुसलं, कळ परत बसवली. मग स्वतःचं बोट तिच्यावर अलगद ठेवून बसले. एकदा उमट, फक्त एकदा, असं ते मनात म्हणत होते. जन्मभर यंत्र धड चालावं म्हणून झटलेला माणूस आज यंत्रात दोष निघावा म्हणून देवाला हात जोडत होता. आत चहा उकळला. मैदान कोरंच होतं.

ती दोन कप घेऊन आली.

“कळ खराब आहे,” ते म्हणाले. “संध्याकाळी नवीन कीबोर्ड आणू.”

एकतीस वर्षांत यंत्राबद्दल ते कधी खोटं बोलले नव्हते. आजही ते जमलं नाही.

“मागच्याच महिन्यात आणलाय, बाबा. जुना पलंगाखाली आहे. दोन्ही चांगले आहेत.”

तिनं त्यांच्यासमोर कप ठेवला.

“ही सेटिंग मला आधीही माहीत होती,” ती म्हणाली. “वर्तुळ दिसेल म्हणून लावत नव्हते.”

स्पीकरमधून परीक्षितनं हाक मारली. मंजूषानं खुर्ची पुढं ओढली आणि डावा हात कीबोर्डवर ठेवला.

“मी आत जाऊ का?” गोपीनाथरावांनी विचारलं.

“नको, बसा इथंच. फक्त मोजू नका.”

त्यांनी आपली खुर्ची तिच्या मागून टेबलाच्या बाजूला आणली आणि फिरवून पडद्याकडे पाठ केली. पुढचा सगळा सामना ते तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले.