गेटपास आणि बिबट्या

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून रामदासने भोंगा बांबूला आवळला, सुतळीची गाठ दातांनी ओढली आणि भोंग्याचं तोंड उसाकडे वळवलं.

"माझ्याकडं नगं फिरवू," बांधापलीकडून झुंबरबाई म्हणाली. तिचं घर त्याच्या वस्तीला लागूनच, आणि घरात ती आणि तिच्या शेळ्या, एवढाच कुटुंबकबिला. "त्या वरडण्यानं शेळ्या चारा सोडत्यात."

"मावशी, तुमच्याकडं न्हाई, उसाकडं फिरवतोय. जनावर तिकडनंच येतंय."

"मग एखादं कीर्तन लाव की. त्या समद्या वस्त्यांवर लावत्यात. तुलाच काय वावडं हाये?"

रामदास हसला आणि खाली उतरला. 

लोणीच्या शिवारात दिवस कलला, की वस्तीवस्तीवरचे भोंगे सुरू होतात. माणसाचा आवाज आला, की बिबट्या उसातून बाहेर पडत नाही, असा सगळ्यांचा अनुभव. म्हणून कुणी कीर्तन लावतं, कुणी तमाशातली गवळण, कुणी नुसताच रेडिओ बडबडत ठेवतं. जिथं माणसं शेळ्यांना घरात घेऊन झोपतात, तिथं आवाजाच्या आवडीनिवडीला कोण विचारतो? रामदास मात्र विचारायचा. त्याच्या भोंग्यावर रोज एकच लागायचं, ते म्हणजे गेटपास.

गेटपास हा भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या चार पोरांचा बँड. मंचरला आयटीआय करून रामदास भोसरीत एका वर्कशॉपला लागला होता, तेव्हा खोलीतल्या जोडीदाराने त्याला एका हॉलवर नेलं. समोर मोजकी माणसं, त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला आलेली. गाणारा दादाभाऊ कंपनीच्या निळ्या शर्टातच आला होता आणि निम्मा वेळ लोकांकडे पाठ करून गात होता. गाणी कशाची, तर न थांबणारी बस, डब्याला येणारा ऑइलचा वास, कधीच काही न विचारणारा बाप. गिटार पत्र्यावर गारा पडाव्यात तशी वाजत होती. रामदास तिथं उभ्या उभ्या रडला. का रडला, ते त्याला आजही सांगता यायचं नाही.

त्या काळात असे आणखीही बँड होते. 'शून्य मैल'वाल्यांचं गाणं पुढे एका मालिकेला लागलं. 'ओला कोळसा'ची पोरं परदेशात जाऊन वाजवून आली. गेटपासने एकच अल्बम काढला आणि चौघं चार दिशांना गेले. चाहत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. तिथे पूर्वी तावातावाने भांडणं चालायची, की खरा बँड कोणता, कुणाचा ड्रमवाला भारी, आणि जगाला अक्कल कशी नाही. आता तिथे फक्त वाढदिवसाचे केक येत.

गावात तर प्रश्नच नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने बायकोच्या, अंजनाच्या कानात मोठ्या हौसेने इयरफोन घातला होता. तिने बिचारीने अख्खं गाणं ऐकलं आणि काळजीने विचारलं, "ह्यान्ला कुणी मारलंय का?" तेव्हा तो खूप हसला होता. आता लेकीच्या शाळेसाठी अंजना मंचरला खोली घेऊन राहत होती आणि वस्तीवर तो एकटाच उरला होता. तिन्हीसांजेला भोंगा सुरू केला, की त्याला फार वाटायचं, की ह्या आख्ख्या शिवारात एखाद्याने तरी थांबावं आणि म्हणावं, हे काय आहे, पुन्हा लाव. कुणी थांबत नव्हतं. उलट पाय उचलत होते.

ह्याच एकटेपणाने त्याला ती चूक करायला लावली.

दिवाळीनंतर त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ काढला. डोलणारा ऊस, लाल झालेलं आभाळ, बांबूवरचा भोंगा आणि त्यातून दादाभाऊचा आवाज. खाली त्याने मनापासून लिहिलं, 'गेटपास. यांची गाणी लावल्यापासून आमच्या वस्तीवर बिबट्या फिरकला नाही. असा बँड पुन्हा होणे नाही.'

त्याच्या लेखी ह्याहून मोठी पावती नव्हती. त्याच्या भागात बिबट्या दूर ठेवणाऱ्या गोष्टीचे उपकार मानतात. पण व्हिडिओ बघणारे त्याच्या भागातले नव्हते. त्यांनी खाली शेरे मारले. 'बिबट्यालाही कान असतात.' 'वनखात्याने ह्यांना पगार सुरू करावा.' 'मी बिबट्या नाही, तरी पळालो.' दोन दिवसांत एवढ्या लोकांनी तो बघितला, की तेवढ्यांनी अल्बम ऐकला असता तर गेटपास कधी मोडलाच नसता. मग कुणीतरी दादाभाऊचा आजचा फोटो शोधून आणला. भोसरीतल्या नट-बोल्टच्या दुकानात, गल्ल्यावर बसलेला, पोट सुटलेला माणूस. त्यावर वेगळे विनोद झाले.

रामदासने व्हिडिओ काढून टाकला, पण तो केव्हाच हातोहात पसरला होता. ग्रुपवरून नंबर मिळवून त्याने दादाभाऊला लांबलचक माफी लिहिली. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. ज्या माणसाचं नाव लोकांनी घ्यावं म्हणून तो इतकी वर्षं तळमळला, त्याचं त्यानेच हसं करून ठेवलं होतं. रामदासला अन्न गोड लागेना. भोंगा तो रोज लावायचा, पण आता बांधावर बसून ऐकायची त्याला लाज वाटायची.

एका सकाळी झुंबरबाईच्या हाकेनेच त्याला जाग आली.

"रामदास, उठ आधी! तुझ्या भोंग्याखाली बघ काय हाये ते!"

बांबूच्या बुडाशी, आदल्या दिवशी पाणी दिलेल्या मऊ मातीत पंजे उमटले होते. झुंबरबाई पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्या शेळ्यांचं दार तिथून हाकेच्या अंतरावर होतं. रामदासने वनखात्याला फोन केला. दुपारच्या आत वनरक्षक प्रतिभा मॅडम मोटारसायकलवरून आल्या, उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ माती न्याहाळत राहिल्या.

"आवाज चालू होता का?"

"चालू व्हता, मॅडम. रोज उजाडंपर्यंत आसतो."

"इथं बघा." त्यांनी दबलेल्या गवतावरून हात फिरवला. "नुसता गेला नाही. बसला होता. पुढचे पाय असे, शेपटी इकडं. चांगला निवांत बसलाय."

"शेळीच्या मागं आला आसंल."

"मग दाराकडं ठसे नसते का गेले? इथून उठला तो सरळ परत उसात." त्या उठल्या, हात झटकले. "भाऊ, त्याला सवय झालीय. रोज तेच ते वाजलं, की भीती राहत नाही. आवाज बदला. आजच बदला. रेडिओ लावा, माणसांच्या गप्पा असलेला."

"तेच म्या किती दिस सांगतेय," झुंबरबाई म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. ती घाबरली होती.

बदलायला हवं होतं, ह्यात रामदासचं दुमत नव्हतं. म्हातारीच्या जिवाशी खेळ करून कसली गाणी ऐकायची? तरी ऊन उतरेपर्यंत त्याने उगाच कांद्याचं खुरपण केलं, मोटार चालू करून बंद केली, दोनदा चहा ठेवला. शेवटी त्याने घरातला रेडिओ आणला, भोंग्याच्या मशीनची वायर त्याला जोडली आणि गाण्यांचा पेनड्राइव्ह काढून शर्टाच्या खिशात टाकला. भोंग्यातून कुणीतरी बाई हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल सांगू लागली. पलीकडून झुंबरबाईने समाधानाने मान हलवली.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर बघून रामदास होता तिथे ताठ उभा राहिला.

"रामदास का? दादाभाऊ बोलतोय, भोसरीवरून."

"भाऊ... माफ करा भाऊ. मी चांगल्या मनानं टाकलं व्हतं. लई चुकलं माझं."

"वाचलं मी ते सगळं." मागे दुकानात कुणीतरी तागडीत बोल्ट ओतत होतं. "दोन दिवस पोरगी बोलली नाही माझ्याशी. कॉलेजात चिडवतात तिला. राग आला होता मला तुमचा, खोटं कशाला बोलू?"

"व्हय, भाऊ."

"मग विचार केला, ह्या माणसाला एक विचारावं. तुम्ही ते खरंच रोज लावता?"

"रोज."

"एखादं गाणं, का..."

"समदी. संपलं की परत पयल्यापास्नं."

"मी स्वतः ऐकून किती वर्षं झाली," दादाभाऊ म्हणाला. "सीडी पण नाही राहिली घरात." मग जणू सहज विचारतोय अशा आवाजात त्याने विचारलं, "आणि खरंच येत नाही का तो?"

रामदासने बांबूच्या बुडाकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. पण ह्या माणसाशी आता आणखी काही लपवायचं त्याच्या जिवावर आलं.

"आला व्हता, भाऊ. काल आला. भोंग्याखाली बसला व्हता. वनखात्याच्या मॅडम म्हनल्या, निवांत बसलाय, लई येळ. त्याला सवय झाली. म्हणून आज बदलावं लागलं. आता रेडिओ लावलाय."

फोन कट झाला असं वाटून रामदासने तो कानापासून काढून बघितला. चालू होता.

"बसला होता?" दादाभाऊने विचारलं.

"बसला व्हता."

"कुठल्या गाण्याला?"

हे कुणाला ठाऊक असणार? गाणी उजाडेपर्यंत गोल गोल फिरत होती. जनावर कधी आलं, कधी उठलं, ते प्रतिभा मॅडमनाही मातीवरून सांगता आलं नसतं. पण रामदासला विचार करावा लागला नाही.

"सहाव्या," तो म्हणाला.

"'कॅन्टीन बंद आहे'?"

"तेच."

ते गाणं कुणालाच आवडत नव्हतं. अर्ध्यात शब्दच नाहीत, नुसती गिटार रेंगाळत राहते. ग्रुपवर सगळे त्याला भरतीचं, नुसतं जागा भरायला घातलेलं गाणं म्हणायचे, आणि त्याच्या बाजूने कुणी बोललं तर त्याची टर उडवायचे.

"बघा!" दादाभाऊचा आवाज एकदम चढला. त्या हॉलमध्ये चढला होता, तसाच. "मी तेव्हाच बोंबलून सांगत होतो ह्या लोकांना, की ते पहिलं ठेवा, ते पहिलं ठेवा. एकानं ऐकलं नाही माझं."

रामदास बांधावर बसला. त्याने हात लांबवून रेडिओ थोडा हळू केला.

"मी बी समद्यांला त्येच सांगत व्हतो, भाऊ," तो म्हणाला.