दुसरी आवृत्ती

साहेब महसूल खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात लोकांनी त्यांच्या नोकरीपेक्षा त्यांच्या पुस्तकाचीच जास्त चौकशी केली. दिवसा कचेरीत जमिनींची भांडणं मिटवायची आणि संध्याकाळी आपल्या यहुदी वस्तीचा इतिहास लिहायचा, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. तोवर वस्ती रिकामी झाली होती. एकेक कुटुंब परदेशी निघून गेलं. शेवटी पाठचा भाऊही बायकामुलांसह गेला.

"दादा, पुस्तक झालं की तूही ये," निघताना तो म्हणाला होता.

पुस्तक व्हायला इतकी वर्षं लागली, की तोवर साहेबांना डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला आणि भावाच्या गुडघ्यांनी राम म्हटला.

पुस्तक पोचलं तसा भावाचा फोन आला.

"सिनेगॉगचं दार तू हिरवं लिहिलंयस. निळं होतं."

"हिरवंच. मी संशोधन केलंय."

"आणि मी त्याच्यावर डोकं आपटलंय! खोक पडली, तू मला उचलून घरी आणलंस, आणि आई तुझ्यावरच ओरडली."

साहेब खो-खो हसले. मग आईचा तो चढा आवाज कानात आला आणि त्यांनी वही पुढे ओढली.

त्यानंतर दर रविवारी फोन सुरू झाले. निमित्त एकच, दुसऱ्या आवृत्तीसाठी माहिती. नळावर कोण भांडायचं, शिंप्याची म्हातारी कोणाला शिव्या घालायची, बेकरीवाल्याचा कुत्रा कोणाला चावला. साहेब सगळं टिपून पाठवत. प्रकाशकाने कपाळाला हात लावला. "साहेब, हा कुत्रा इतिहासात कुठे बांधू?"

अखेर दुसरी आवृत्ती निघाली. दार निळं झालं.

पुढच्या रविवारी साहेबांनी फोन लावला खरा, पण विचारायला काही उरलंच नव्हतं.

"आपल्या खिडकीतून काय काय दिसायचं रे?"

"दादा, पहिल्याच प्रकरणात आहे की. तूच लिहिलंयस."

"ठाऊक आहे. तरी सांग."

पलीकडे भावाने बायकोला रेडिओ बंद करायला सांगितलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला कुठे काही दिसायचं?" तो म्हणाला. "सगळी खिडकी अडवून तूच बसायचास."

साहेब नकळत खुर्चीत थोडे बाजूला सरकले.