विक्रीनंतरची सेवा

"शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो का?" मी विचारलं.

पडद्यावर कर्नल खुर्चीत सरळ बसले. ते आमचे ग्राहक क्रमांक सोळा. त्यांच्या देशाचं नाव कागदावर आणायचं नाही असा कंपनीचा नियम आहे, त्यामुळे गेली तीन वर्षं मी एका आकड्याशी फ्रेंचमध्ये बोलत होतो.

"कोणाच्या शेजाऱ्यांना?" त्यांनी सावधपणे विचारलं.

"माल वापरताना, साहेब. सातवा प्रश्न आहे. हो किंवा नाही."

"नाही," कर्नल म्हणाले. मग जरा थांबून, "आता नाही."

मी 'नाही'वर खूण केली.

फॉर्म मूळचा वॉशिंग मशीनचा होता. सैन्याचं काम आटलं तेव्हा आमच्या कारखान्याने वीस वर्षं वॉशिंग मशीन काढल्या. पुढे ड्रोन आले, ड्रोनखाली लटकणारी क्षेपणास्त्रं आली, परदेशातून मागणी आली. कारखाना बदलला, फॉर्म मात्र तसाच राहिला, कारण तो बदलायला तीन खात्यांचे शिक्के लागतात आणि त्यातलं एक खातं बंद पडलं आहे. 'रंगीत कपड्यांचा रंग उतरतो का' एवढा एक प्रश्न आम्ही आपल्या जबाबदारीवर गाळतो.

फॉर्मसोबत वॉशिंग मशीनच्या काळातले एक गृहस्थही आमच्या खात्याला मिळाले होते, तान शिफू. जुन्या कसबी कामगाराला आमच्याकडे शिफू म्हणतात. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला चार महिने. पूर्वी ते सिच्वानभर हिंडून लोकांच्या घरी मशीन दुरुस्त करत. तेव्हाचे नियम त्यांना अजून पाठ होते. उंबऱ्यावर पायांत निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायच्या, म्हणजे ग्राहकाची फरशी मळत नाही. ग्राहकाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बिघाड आपला असेल तर आधी माफी, मग पाना. आणि मशीन जिथे बसवली ती जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पावती फाडायची नाही. आता ते माल पाठवण्याआधी तपासत आणि पास झालेल्या प्रत्येक भागावर आपला शिक्का उठवत. बारीक गोल, आत सत्तेचाळीस.

सोळा नंबरची तक्रार अशी होती की आमचं एक क्षेपणास्त्र नेम सोडून एका घरावर पडलं. गॅरंटीप्रमाणे सदोष नगाबद्दल आम्ही दोन नग फुकट द्यायला बांधील होतो.

"दोष निघाला तर खात्याची अब्रू जाईल," आमच्या खातेप्रमुख मेंग मॅडम म्हणाल्या. "शिफू, तुम्ही जाऊन या. शाओ लू, फ्रेंच तुला येतं, तू भाषेला जा. आणि शिफू, जे असेल तेच लिहा. फक्त जे असेल ते चांगलं असू द्या."

"मॅडम, एकतीस वर्षांत मी एकही खोटी पावती फाडली नाही."

"म्हणून तर तुम्हाला पाठवतेय. तुमच्यावर कोणी शंका घेणार नाही."

शिफूंनी सामानात मिरचीच्या लोणच्याची बरणी, चहाचा थर्मास, पान्यांची पेटी आणि निळ्या पिशव्यांचं एक न फोडलेलं पाकीट घेतलं. विमानात त्यांना झोप आली नाही.

"पाठीमागच्या पंखाची मोटर असणार," ते मला म्हणाले. "उन्हात त्याचा गोंद सैल होतो. मी दोनदा लिहून दिलंय. गोंदच असणार बघ."

"गोंद निघाला तर मॅडम आपल्याला परत येऊ देणार नाहीत."

"निघाला तर बदलता येतो, अरे."

पहिल्या दिवशी विमानतळाच्या एका शेडमध्ये त्यांनी ड्रोनची नोंदपेटी उघडली. आत सगळं होतं: कुठून सोडलं, कुठे जायला सांगितलं, कुठे पोचलं. शिफूंनी आकडे उतरवले. मग पुन्हा उतरवले. मग माझ्याकडून वाचून घेतले, कारण चष्म्यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

सांगितलेल्या जागेपासून सव्वा मीटरवर पडलं होतं. कागदावर आम्ही तीन मीटरची हमी देतो.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे गोंद चांगला आहे," शिफू म्हणाले. बिघाड सापडला नाही म्हणून दुःखी झालेला मेकॅनिक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

कर्नलना मी सांगितलं की घराचाच पत्ता टाकला गेला होता. त्यांनी खांदे उडवले. कोणीतरी कोणालातरी काहीतरी चुकीचं कळवलं असेल, म्हणाले, मोठं सैन्य आहे. मग त्यांनी विचारलं, "सव्वा मीटर? खरंच?" आणि वहीत लिहून घेतलं.

मला वाटलं, काम झालं. पण शिफू म्हणाले, "जागा पाहायची राहिली."

"शिफू, ती मशीन बसवलेली नाही."

"पोचली तर आहे ना?"

दुसऱ्या दिवशी एक शिपाई आम्हाला गाडीतून घेऊन गेला. तीन तासांचा रस्ता, गुळगुळीत. गावाच्या टोकाला ते घर होतं. तीन भिंती होत्या, चौथीच्या जागी ढीग. छप्पर नव्हतं. दाराची चौकट मात्र शाबूत होती आणि तिच्यापाशी चपलांचे चार जोड ओळीने लावून ठेवले होते. दोन बायकांचे, दोन लहान मुलांचे.

आतून एक म्हातारे गृहस्थ आले. हमीदू त्यांचं नाव, पूर्वी पोस्टात होते, म्हणून फ्रेंच स्वच्छ. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही रस्तेवाले का?" ते म्हणाले. तो गुळगुळीत रस्ता आमच्याच देशातल्या कोणत्याशा कंपनीने केला होता.

"हो," मी म्हणालो.

"रस्ता चांगला झालाय. पूर्वी दवाखान्यात पोचायला सात तास लागायचे." त्यांनी चपलांकडे पाहिलं. "ह्या वेळी तीन लागले."

तोवर शिफू चौकटीपाशी खाली वाकले होते. त्यांनी पाकीट फोडलं आणि पायांत निळ्या पिशव्या चढवल्या. आधी डावी, मग उजवी, इलॅस्टिक टाचेवर नीट बसवून. मग चौकटीतूनच आत गेले. बाजूला भिंत नव्हती, कुठूनही जाता आलं असतं. आत फरशी उरली नव्हती, तुटक्या विटा आणि लाल माती होती. तिच्यावरून ते ग्राहकाची फरशी मळू नये अशा बेताने पावलं टाकत होते. म्हाताऱ्यांनी मला खुणेने विचारलं, हे काय? मी म्हणालो, त्यांना सवय आहे.

हमीदूंनी कोपऱ्यात एका पत्र्याच्या टोपात लोखंडाचे तुकडे गोळा करून ठेवले होते. पोरं पायात रुतवून घेतील म्हणून, ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पुन्हा सांगितलं, "शेजारची पोरं."

शिफू टोपाशी बसले. एक एक तुकडा उचलून उजेडाला धरत गेले. एका तुकड्यावर थांबले आणि अंगठ्याने माती पुसली. बारीक गोल होता. आत सत्तेचाळीस.

हमीदूंनी वाटीत पाणी आणलं. शिफूंनी दोन्ही हात हलवून नको म्हटलं.

"पाणी का नको?" हमीदूंचा चेहरा उतरला. "विहिरीचं आहे, गोड आहे."

"नियम आहे त्यांचा," मी म्हणालो.

शिफू उठून उभे राहिले. हात पँटच्या शिवणीला लावले आणि कमरेतून वाकले. वॉशिंग मशीनच्या काळात असेच वाकत असतील.

"शाओ लू, सांग त्यांना. हे माझ्या हातून गेलंय. सत्तेचाळीस नंबर माझा. सांग, मशीन बिघडलेली नव्हती. बिघडली असती तर मी बदलून दिली असती, रात्रंदिवस बसून दिली असती. पण ती चांगली चालली. अशा वेळी माफी कशी मागायची ते मला कोणी शिकवलं नाही, तरी मी मागतोय. सगळं सांग, गाळू नकोस."

ते वाकलेलेच होते. हमीदू माझ्याकडे पाहत होते.

शिपाई गाडीत झोपला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण तो जागा होता असं मी नंतर स्वतःला बरेचदा सांगून पाहिलं आहे.

"ते म्हणतात," मी म्हणालो, "ऊन फार आहे."

हमीदूंनी वर पाहिलं. वर आभाळच होतं.

"हो," ते म्हणाले. "यंदा ऊन जास्तच आहे." मग समजूत काढल्यासारखं, "छप्पर नसलं की जास्त लागतं."

"काय म्हणाले?" शिफूंनी वाकूनच विचारलं.

"म्हणाले, ठीक आहे."

"एवढंच?"

"एवढंच. ठीक आहे म्हणाले."

शिफू सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. त्यांनी हात पुढे केला, हमीदूंच्या हातातली वाटी घेतली आणि सगळं पाणी प्यायले. एकतीस वर्षांत ग्राहकाच्या घरचं पहिलं पाणी. हमीदू खूश झाले. अजून आणू का, म्हणाले. हे मी तसंच्या तसं सांगितलं, आणि दुसरी वाटीही शिफूंनी संपवली.

मग त्यांनी फॉर्म काढला. "शेवटचा रकाना, ग्राहकाचं म्हणणं. त्यांच्या भाषेत लिही. वाचल्याशिवाय सही घ्यायची नसते."

आता म्हातारे ते वाचणार होते. पोस्टात आयुष्य घालवलेला माणूस, न वाचता सही करणार नव्हता. 'ठीक आहे' लिहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, काय ठीक आहे? म्हणून ते जे म्हणाले होते तेच मी लिहिलं: 'हो. यंदा ऊन जास्तच आहे.'

हमीदूंनी दोनदा वाचलं. रस्तेवाल्यांना हे लेखी कशाला हवं असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत होता. पण मजकूर खरा होता. त्यांनी सही केली आणि खाली तारीख घातली.

परत आल्यावर सगळं सुरळीत झालं. तक्रार फेटाळली गेली. सोळा नंबरने राग धरला नाही, उलट सव्वा मीटरच्या जोरावर आणखी बारा नग मागवले. आमच्याकडे बरा झालेला पेशंट डॉक्टरला लाल मखमली पट देतो, सोनेरी अक्षरांचा, खाली झालरीचा. मेंग मॅडमना सोळा नंबरकडून तसा पट हवा होता. ही पद्धत मी कर्नलना तासभर समजावली. शेवटी मॅडमनी तो इथेच गल्लीतून शिवून घेतला आणि कर्नलनी आपला नंबर घालायला परवानगी दिली. 'हाक मारताच हजर, नेम अचूक. ग्राहक सोळा यांजकडून.' फोटोत डावी झालर मी धरली आहे. हसतो आहे. शिफू फोटोत नाहीत, ते मोरीत निळ्या पिशव्या धूत होते. त्या एकदा वापरून टाकायच्या असतात हे त्यांना कोणी सांगितलं नाही. माती निघाली नाही.

पटाखाली जागा उरली होती. तिथे मॅडमनी फॉर्म फ्रेम करून लावला, कारण परक्या भाषेतली सही आमच्या खात्यात दुसरी नव्हती.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं होतं.

शिफू माझ्याआधी बोलले. "ठीक आहे म्हणालेत."

"म्हणजे समाधानी," मॅडम म्हणाल्या, आणि खिळा ठोकायला सांगितलं.

शिफू निवृत्त झाले. तरी रोज सकाळी थर्मास भरायला आमच्या मजल्यावर येतात, घरी गॅस जाळण्यापेक्षा हे बरं म्हणतात. पाणी भरून झालं की फ्रेमपाशी थांबतात. महिन्याभरापूर्वी मला म्हणाले, "ह्याचा उच्चार शिकव की."

"कशाला, शिफू?"

"माझ्यासाठी म्हणाले ते. मला म्हणता यायला नको?"

मी शिकवला. चांगला वेळ लागला, त्यांच्या जिभेला आमच्या डोंगरातलं वळण आहे. आता येतं. आज सकाळीही ते फ्रेमसमोर उभे राहिले, काचेवरून बोट फिरवत एकेक फ्रेंच शब्द सुटा करून म्हणाले. यंदा ऊन जास्तच आहे. खिडकीबाहेर धुकं होतं, पंधरा दिवसांत सूर्य दिसला नव्हता.

"बरोबर म्हणालो?"

"बरोबर, शिफू."

त्यांनी मान हलवली, थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि भिंतीला धरून सावकाश जिना उतरले.